घराची निगा – लेखांक १४ : कुजलेली चौकट आणि इपॉक्सीची पुट्टी

बंगळूरच्या फ्लॅटमध्ये लाकूड सर्वांत आधी कुजते ते बाथरूमच्या दाराच्या चौकटीत, आणि तेही फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत. वरची चौकट वीस वर्षांनीही ठणठणीत असते. खाली मात्र रंग फुगतो, त्याखालची ढलपी सुटते आणि बोट दाबले की आत जाते. बांधकामाच्या वेळी चौकटीचे पाय थेट सिमेंटमध्ये रोवलेले असतात. नंतर फरशी बसते आणि सांधा पांढऱ्या सिमेंटने बुजवला जातो. झाडात मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या कापलेल्या लाकडातही तशाच राहतात, आणि चौकटीच्या पायाशी त्यांची उघडी तोंडे नेमकी ओल्या सिमेंटला टेकतात. लाकडाच्या रंधलेल्या बाजूतून जितके पाणी शिरते त्याच्या कितीतरी पट या आडव्या कापलेल्या तोंडातून वर चढते. बाहेरून रंगाचे तीन हात दिले असले तरी पाणी येते ते खालून.

पाणी वाट करून देते, लाकूड खाते ती बुरशी. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांखाली असला तर तिचे काही चालत नाही. तो अठ्ठावीस-तीस टक्क्यांवर गेला, म्हणजे पेशींच्या भिंती पाण्याने भरल्या, की ती जोमाने पसरते. बंगळूरचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहून कमी, पण तो मेच्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा जोर धरतो. एकदा भिजलेले लाकूड सुकायला मोकळीकच मिळत नाही. शिवाय वीस ते तीस अंशांची जी हवा माणसांना सुखाची वाटते, ती बुरशीलाही मानवते.

कुजण्याच्या दोन तऱ्हा सहज ओळखता येतात. एका प्रकारची बुरशी लाकडातला सेल्युलोज तेवढा खाते. मागे तपकिरी, ठिसूळ लाकूड उरते आणि त्याला उभ्याआडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे सुटतात. दुसरी लिग्निनही खाते, तेव्हा लाकूड पांढरट, मऊ आणि तंतुमय होते. बारीक भोकांतून पिठासारखी भुकटी गळत असेल तर तो भुंग्याचा किडा, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. या दोन्हींवर आधी कीटकनाशकाचा उपचार करून घ्यावा लागतो. वाळवी इपॉक्सी खात नाही, पण पुट्टीला वळसा घालून शेजारचे लाकूड खात राहते.

कोणते लाकूड किती टिकते हे मोजण्याची भारतीय पद्धत साधी आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड-रुंद नमुने अर्धे जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती महिने तग धरतात ते पाहतात. सरासरी १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे पहिल्या वर्गात, ६० महिन्यांच्या आत संपणारे तिसऱ्या वर्गात. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, आंबा तिसऱ्या. पण ही प्रतवारी गाभ्याची असते. खोडाच्या बाहेरच्या कड्याचे फिकट लाकूड सागाचे असले तरी टिकाऊ नसते. ‘अस्सल सागवान’ म्हणून घेतलेल्या चौकटीचा एक कोपरा कुजतो आणि दुसरा शाबूत राहतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. आपली चौकट नेमकी कशाची, हा प्रश्न बंगळुरात सुटू शकतो. मल्लेश्वरममधली लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था नमुना तपासून जात सांगते. १९३८ साली ती वन संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली आणि १९८८ मध्ये तिला आजचे रूप मिळाले.

जुन्या बांधणाऱ्यांनी हा प्रश्न पुट्टीशिवाय सोडवला होता. पुण्याच्या वाड्यातला लाकडी खांब जमिनीला टेकत नाही, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटजवळचा टिपूचा उन्हाळी महाल हैदरअलीने १७८१ मध्ये सुरू केला आणि टिपूने १७९१ मध्ये पुरा केला. त्याचे सागवानी खांबही दगडी बैठकीवर आहेत. सिमेंट आले आणि ही साधी समज हळूहळू विसरली गेली.

दुरुस्तीला हात घालण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे लागते. शॉवरचे पाणी दारावर उडते का, बाथरूमच्या फरशीचा उतार उलटा आहे का, भिंतीतला पाइप झिरपतो आहे का, खिडकीच्या खालच्या पट्टीवर पाणी साचते का? हे कारण जिवंत ठेवून भरलेली पुट्टी दोन पावसाळ्यांत ढलपीसारखी हातात येते. पुट्टी खराब निघाली असे मग घरमालक म्हणतो. पुट्टी बहुधा शाबूतच असते, तिच्यामागचे लाकूड पुढे कुजत गेलेले असते.

किती भाग गेला आहे ते टोच्याने किंवा पेचकसाने कळते. शाबूत लाकडात टोक रुतत नाही, आणि उचकटले तर लांब चोई सुटते. कुजलेले लाकूड आखूड, आवाज न करता तुटते. रंगाखाली कुजलेला भाग दिसतो त्याच्या दुप्पट असू शकतो, म्हणून वरच्या बाजूलाही हातभर टोचत जावे. मग पटाशीने सारे मऊ लाकूड काढायचे. इथे सुताराची दया उपयोगाची नसते. कडेला कोरून काढताना लाकडाचा रंग बदलतो, पटाशीखाली आवाज कोरडा होतो आणि भुसभुशीत भुग्याऐवजी सरळ चोया निघू लागतात. तिथे थांबायचे. चौकट सिमेंटमध्ये रोवलेली असेल तर तळाशी सिमेंट फोडून सेंटिमीटरभर फट मोकळी करणे हे सगळ्या कामातले सर्वांत किफायतशीर पाऊल.

त्यानंतर वाळवणे. हाच टप्पा घाईत गाळला जातो. ओलावा मोजायचे दोन सुयांचे छोटे यंत्र मिळते. ते पंधरा टक्क्यांखाली दाखवीपर्यंत पुट्टीचा डबा उघडू नये. फॅन लावून आठवडाभर बाथरूम बंद ठेवणे घरच्यांना जड जाते, पण पर्याय नाही. बंगळुरात या कामाला जानेवारी ते मार्च हा काळ सोयीचा, कारण तेव्हा हवा सर्वांत कोरडी असते.

कोरड्या पोकळीत उरलेल्या बुरशीच्या धाग्यांसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे गरम पाण्यातले द्रावण ब्रशने दोन-तीनदा लावतात. हे मीठ माणसाला तुलनेने निरुपद्रवी आणि बुरशीला व किड्यांना घातक असते. पाण्यात ते धुऊन जाते, म्हणून वरून आवरण हवेच. लाकूड टिकवण्याचे जगभर पसरलेले एक औषध, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण, सोंटी कामेसम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत तयार केले. आर्सेनिकमुळे घरगुती वापरातून ते पुष्कळ देशांत मागे हटले आहे. बोरॅक्सचे द्रावण लावल्यावर लाकूड पुन्हा पूर्ण वाळू द्यायचे आणि वर आलेली पांढरी पूड झाडून टाकायची, नाहीतर इपॉक्सी त्या पुडीलाच चिकटते.

इपॉक्सी म्हणजे दोन भागांचे राळेसारखे रसायन. एका भागात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमधली अमाइन संयुगे रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात आणि मिश्रण कायमचे कठीण होते. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तां यांनी १९३० च्या दशकात दंतवैद्यकासाठी या रेझिनवर काम केले. सिबा कंपनीने ते पुढे ‘ॲराल्डाइट’ या नावाने बाजारात आणले. भारतात ॲराल्डाइट आणि एम-सील ही इपॉक्सी पुट्टी आता दोन्ही पिडिलाइट कंपनीकडे आहेत. एम-सील २००० मध्ये आले, ॲराल्डाइटचा भारतीय व्यवसाय २०२० मध्ये.

हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नव्हे. तो मोजून जोडीला लागतो. जास्त घातला तर लवकर सुकेल ही समजूत चुकीची, कारण जास्तीचा हार्डनर जोडीशिवाय राहतो आणि भराव कायमचा चिकट, मऊ राहतो. पाकिटावर जे प्रमाण असेल तेच घ्यायचे, आणि ते वजनाचे की आकारमानाचे हे पाहून घ्यायचे. नेहमीच्या ॲराल्डाइटचे प्रमाण आकारमानाने एकास एक, वजनाने मात्र दहास आठ.

काम दोन थरांत होते. आधी पातळ इपॉक्सी. पोकळीच्या कडेचे लाकूड शाबूत दिसले तरी थोडे सैल झालेले असते. त्यात गिरमिटाने तिरकी भोके पाडून पातळ रेझिन ब्रशने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने पाजतात, ते पिणे थांबेपर्यंत. रेझिन आर्टवाले वापरतात तसले पातळ, सावकाश घट्ट होणारे रेझिन यासाठी बरे पडते, आणि बंगळुरात ते आता सहज मिळते. जाड रेझिन थिनर घालून पातळ करण्याची युक्ती मात्र टाळलेली बरी. थिनर आत अडकतो आणि भराव कमकुवत होतो.

हा थर बोटाला चिकट लागत असतानाच पुट्टी भरायची, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. नळाच्या गळतीसाठी विकले जाणारे एम-सील लाकडाला चिकटते खरे, पण त्याची लाकडाशी जोडी जमत नाही. ते घट्ट झाल्यावर लाकडापेक्षा बरेच कठीण होते. पॉलिश पेपर मारला की शेजारचे लाकूड झिजते आणि भराव उंचवट्यासारखा वर राहतो. स्क्रूचे सैल भोक किंवा कोपऱ्याचा टवका यांपुरते ते ठीक. मोठ्या भरावाला ॲराल्डाइटसारख्या सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत चाळलेला बारीक लाकडी भुसा आणि थोडी टाल्कम पावडर मळून, उभ्या भिंतीवर न ओघळण्याइतकी घट्ट पुट्टी करता येते. फेव्हिकॉल आणि भुशाचे जे मिश्रण सुतार सर्रास भरतात, ते कपाटाच्या आत चालते. बाथरूममध्ये ते पुन्हा मऊ होते.

मिश्रण थोडे थोडेच करावे. घट्ट होताना इपॉक्सी उष्णता सोडते. कपभर एकदम कालवले तर ती बाहेर पडू शकत नाही, भांडे हातात धरवत नाही आणि मिश्रण वापरण्याआधीच दगड होते. तेच पसरट ताटलीत ठेवले तर बराच वेळ हाताळता येते. तापमान दहा अंशांनी वाढले की हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी एकच पाकीट निराळे वागते. खोल खड्डा एकदम न भरता थराथराने भरावा. पावसाळी हवेत घट्ट झालेल्या थरावर मेणचट साय येते. ती ओल्या फडक्याने पुसून, घासून मगच पुढचा थर द्यायचा. भराव पुरता कठीण होण्याआधी, खरवडला तर सुटेल अशा अवस्थेत, धारदार पटाशीने किंवा कानशीने आकार काढला तर मेहनत फार वाचते. दुसऱ्या दिवशी तेच काम हाताला घट्टे पाडते.

कच्चे इपॉक्सी कातडीला लागणे बरे नव्हे. वारंवार लागले तर अमाइनची ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि हाताला लागलेले थिनरने न पुसता साबणाने धुवावे. जुन्या बंगल्यांत आणखी एक काळजी हवी. घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखात ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगावर कोरडा पॉलिश पेपर मारणे म्हणजे शिशाची धूळ घरभर उडवणे. तो ओला करून घासावा, आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे.

आता मर्यादा. लाकूड ऋतूनुसार आडव्या अंगाने फुगते आणि आकसते. सागाची १० सेंटिमीटर रुंद पट्टी पावसाळा आणि उन्हाळा यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलते. इपॉक्सी जवळजवळ हलत नाही. लहान भरावात हा फरक जिरतो. मोठ्यात सांध्याशी केसासारखी भेग पडते, तिच्यातून पाणी शिरते आणि भराव ते आतच कोंडून ठेवतो. म्हणून जाडीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला असेल तर पुट्टीने तो भरून काढण्याऐवजी कुजलेला तुकडा तिरक्या छेदाने कापून त्याच जातीच्या, त्याच रेषांच्या लाकडाचे ठिगळ इपॉक्सीने जोडणे चांगले. त्यासाठी जुन्या मोडलेल्या घरांचे सागवान उत्तम, कारण ते चांगले मुरलेले असते. मल्लेश्वरम, बसवनगुडी, कूक टाऊन इथल्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर आणि पोर्चवर लाकडी पट्ट्यांचे टोकदार छज्जे दिसतात. बंगळूरकर त्यांना ‘मंकी टॉप’ म्हणतात. त्यांच्या पातळ पट्ट्यांची खालची टोके ऊन आणि पाऊस दोन्ही झेलतात, आणि तिथे पुट्टीचा उपयोग फार थोडा. ती टोके कापून, नवे तुकडे जोडून, कापलेल्या तोंडांना पातळ इपॉक्सी पाजणे हा जास्त टिकाऊ मार्ग.

एमडीएफचे दार एकदा फुगले की ते दार गेले, त्यात पैसे घालू नयेत. फ्लश डोअरच्या तळाशी प्लायचे पापुद्रे सुटले असतील आणि आतला गाभा कोरडा असेल तर इपॉक्सी भरून क्लॅम्पने दाबता येतात. बंगळुरात ग्रॅनाइट मुबलक असल्याने बाथरूमच्या चौकटी दगडाच्याच करण्याची चाल पडली आहे. दुरुस्तीतही चौकटीचे पाय वीतभर कापून त्याखाली ग्रॅनाइटचा ठोकळा बसवता येतो. हे तळखड्याचेच काम, आणि अनेकदा सर्व पुट्ट्यांपेक्षा स्वस्त.

भरावावर रंग हवाच. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी उघडे इपॉक्सी पिवळे पडते आणि त्याच्या पृष्ठभागावरून पूड निघू लागते. प्रायमर आणि दोन हात रंग द्यावेत, तळाच्या कापलेल्या तोंडाला तर तीन. फरशी आणि लाकूड यांतली फट सिलिकॉनने भरावी, सिमेंटने नव्हे. पॉलिश करायचे लाकूड असेल तर भराव नेहमी डाग म्हणून दिसत राहतो. लाकडाचा रंग मिसळूनही तो फार लपत नाही.

छपराच्या तुळईचे भिंतीत शिरलेले टोक, जिन्याची बाजू, माडीचा खांब अशा भार पेलणाऱ्या जागी पुट्टी लावून रंग मारणे धोक्याचे, कारण खालचा पोकळपणा त्यामुळे नजरेआड होतो. तिथे कुजलेले टोक कापून नवे लाकूड सळ्यांनी आणि इपॉक्सीने जोडतात, पण किती सळ्या, किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे असते, आणि काम संपेपर्यंत छपराला टेकू द्यावा लागतो.