‘अर्धसुरक्षित’ : एका टाकाऊ वाहनाचा जीर्णोद्धार

नवें देऊळ बांधण्यापेक्षां जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणें अधिक पुण्यकारक, अशी आपल्याकडे समजूत आहे. ह्या समजुतीचें मर्म आम्हांस पुष्कळ दिवस उमगलें नव्हतें. नवें बांधणारा आपल्या मनासारखें बांधतो. परंतु जीर्णोद्धार करणारास आधीं पहिल्या कारागिराच्या मनांत शिरावें लागतें, त्याची चूक कोठें झाली तें ओळखावें लागतें, आणि मग त्याचा मान राखून ती सुधारावी लागते. बहुतेक मोठ्या कुटुंबांत अंगणाच्या कोपऱ्यांत बसून जुन्या घड्याळाचें किंवा सायकलीचें पोट उघडणारा एखादा मुलगा असतोच. आणि ‘भंगारांत वेळ घालवूं नकोस’ हें वाक्यही त्याच्या कानांवर रोज पडत असतें. अशा घरांतील वडील मंडळींकरितां आज एका भंगार वाहनाची हकीकत आम्ही सांगणार आहों.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यास अशी एक गाडी हवी होती कीं, जी रस्त्यानें धांवेल आणि नदी आडवी आली तर तशीच पाण्यांत शिरून पैलतीर गांठील. बेडकाप्रमाणें जलस्थलीं वावरणाऱ्या अशा वाहनास आपण उभयचर म्हणूं. फोर्ड कंपनीनें इ. स. १९४२ व १९४३ ह्या दोन वर्षांत अशीं १२,००० हून अधिक वाहनें बांधलीं. आंतील इंजिन नेहमींच्या जीपचेंच, सुमारें ६० अश्वशक्तीचें. त्याभोंवतीं पोलादी पत्र्याची होडी. आणि पाण्यांत चालण्यासाठीं मागें एक पंखा व एक सुकाणू. लांबी सुमारें १५ फूट, रुंदी सव्वापांच फूट. कल्पना उत्तम होती; पण होडीचा काठ पाण्याच्या वर फारच थोडा राही. शांत नदींत तें खपून जाई; लाट जरा उसळली कीं पाणी आंत शिरे. अखेर १९४३ मध्येंच तीं बांधणें बंद झालें.

पुढील गोष्टीचा आरंभ आपल्याच देशांत होतो. बेन कार्लिन हा पश्चिम ऑस्ट्रेलियांतला, खाणकामाचें शिक्षण घेतलेला गृहस्थ. युद्धकाळांत तो हिंदी सैन्याच्या इंजिनिअर दळांत अधिकारी होता. १९४६ सालीं बंगालमधील खडगपूरजवळ, कलाईकुंडा येथील विमानतळावर, असेंच एक वाहन त्याच्या दृष्टीस पडलें. तें निरखीत असतां तो सोबत्यास म्हणाला कीं, थोडी सुधारणा केली तर ह्यांत बसून जगप्रदक्षिणा करतां येईल. सोबत्यानें अर्थातच त्यास वेड्यांत काढलें. कार्लिन मात्र अमेरिकेस गेला, आणि सरकारी लिलावांत तसलेंच एक वापरलेलें वाहन त्यानें ९०१ डॉलरला विकत घेतलें.

येथें कार्लिनची खरी परीक्षा होती. जुनी वस्तु घरीं आणल्यावर आपल्यापैकीं बहुतेक जण प्रथम तिला रंग लावतात. कार्लिननें आधीं हें वाहन कोठें बुडेल ह्याचा विचार केला. पहिला दोष उघड्या अंगाचा. म्हणून त्यानें वर बंदिस्त केबिन चढविली. दुसरा दोष बोथट तोंडाचा. म्हणून पुढें निमुळती नाळ जोडली. तिसरी अडचण इंधनाची. मूळ टाकी नदी ओलांडण्यापुरती. महासागराचा पल्ला तर आठवड्यांचा. म्हणून जेथें जेथें पोकळी सांपडली अथवा निर्माण करतां आली, तेथें त्यानें पेट्रोलच्या टाक्या बसविल्या. ह्यांत एक पेंच आहे, तो तरुणांनीं ध्यानांत घ्यावा. इंधन वाढविलें कीं वजन वाढतें. वजन वाढलें कीं होडी अधिक खोल बसते. आणि मूळचा दोष तर काठ ठेंगणा असल्याचाच! एक सुधारणा दुसरीच्या मुळावर येते. दोहोंचा मेळ घालणें हीच खरी कारागिरी होय.

वाहनाचें नांव त्यानें ‘हाफ-सेफ’, म्हणजे ‘अर्धसुरक्षित’, असें ठेविलें. घामाच्या दुर्गंधीवरील एका औषधाच्या जाहिरातींत ‘अर्धेंच सुरक्षित राहूं नका’ अशा अर्थाचें वाक्य असे. त्यावरून हें विनोदी नांव सुचलें. त्याची पत्नी एलिनोर ही अमेरिकन होती व त्यांची ओळख हिंदुस्थानांतच झालेली होती. १९४८ सालीं दोघांनीं अटलांटिक ओलांडण्याचे प्रयत्न केले, ते सर्व फसले. एकदां तर यंत्र बिघडून तीं दोघें भर समुद्रांत कित्येक दिवस भरकटत राहिलीं व एका जहाजानें त्यांस उचलून घेतलें. प्रत्येक अपयशानंतर कार्लिन पुन्हां पाने आणि हातोडी घेऊन बसे.

अखेर १९ जुलै १९५० रोजीं कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांतून तीं निघालीं आणि बत्तीस दिवसांनीं अझोर्स बेटांपैकीं फ्लोरेस येथें पोंचलीं. त्या बेटांपासून पुढें जातांना प्रचंड तुफानानें गांठलें; पण केबिन टिकली, तळ टिकला. १९५१ च्या आरंभीं त्या गाडीचीं चाकें आफ्रिकेच्या वाळूस लागलीं, आणि तेथून ती आपल्या चाकांवर युरोपकडे धांवूं लागली. पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें मुक्काम करून कार्लिननें वाहनाची पुन्हां दुरुस्ती केली. १९५५ सालीं प्रवास पुढें सुरू झाला. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान असें करीत ‘हाफ-सेफ’ कलकत्त्यास आली. पुढें जपान, तेथून उत्तर पॅसिफिक ओलांडून अलास्का, आणि मे १९५८ मध्यें मॉन्ट्रिऑल. पाण्यावरून सुमारें १७,००० व जमिनीवरून सुमारें ६२,००० किलोमीटर अशी ही प्रदक्षिणा झाली. उभयचर वाहनानें पृथ्वीप्रदक्षिणा केल्याचें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं. १९८१ सालीं कार्लिन वारला. तो ज्या शाळेंत शिकला त्या पर्थजवळील गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्यें ती गाडी आज जपून ठेविली आहे. शाळेच्या आवारांत असें स्मारक असावें, ह्याचें आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास विशेष समाधान वाटतें.

अशीं जुनीं वाहनें घरच्या छपरांत दुरुस्त करणारे हौशी लोक आजही परदेशांत आहेत. त्यांच्या कामाचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. प्रथम तळाचा पत्रा खरवडून गंज कोठवर गेला तें पाहावयाचें. वरून धड दिसणारा पत्रा सांध्याच्या आंतून पोखरलेला असतो. मग जेथें जेथें फिरता दांडा होडीच्या भिंतींतून बाहेर जातो, तेथील रबरी आवरणें नवीं घालावयाचीं; पाणी बहुधा तेथूनच शिरतें. पाणी उपसण्याच्या मूळ पंपास विजेवरील पंपाची जोड द्यावयाची, आणि सहा व्होल्टची जुनी व्यवस्था बदलून बारा व्होल्टची करावयाची. बंद केबिनींत इंजिनाचा धूर अणुमात्रही शिरूं देतां कामा नये. त्यांतील विषारी वायूस वास नसतो, माणूस झोपेंतच जातो. एवढें झाल्यावर उथळ, शांत पाण्यांत, दोरीला बांधून पहिली परीक्षा घ्यावयाची. खारें पाणी लागलें असल्यास गोड्या पाण्यानें धुऊन चाकांच्या तुंब्यांत नवें वंगण भरावयाचें. रंग सर्वांत शेवटीं.

आतां एलिनोरविषयीं. तिला बोट लागत असे. सव्वापांच फूट रुंदीच्या त्या लोखंडी पेटींत, पेट्रोलच्या वासांत, पोटांत अन्न न ठरतां तिनें महासागर ओलांडला. कलकत्त्यानंतर मात्र ती त्या गाडींत पुन्हां बसली नाहीं. ती स्वदेशीं परतली व पुढें त्यांची काडीमोड झाली. उरलेला प्रवास कार्लिननें दुसरे सोबती घेऊन पुरा केला. पतिपत्नींचें अंतरंग परक्यानें उकलूं नये, म्हणून आम्ही दोष कोणास देत नाहीं. पण ही हकीकत वाचल्यापासून आमच्या मनांत एक विचार घोळत आहे. ज्या मनुष्यानें पत्र्याचा एकेक सांधा बोटांनीं चांचपून पाहिला, त्यास शेजारीं बसलेल्या माणसाचा शीण वेळेवर दिसला असेल काय?

म्हणून वडील मंडळींस आमचें सांगणें एवढेंच, कीं मुलाच्या हातांतील पाना हिसकावूं नका. ज्यास एका जुन्या यंत्राचा दोष धीरानें शोधतां येतो, त्याचें शिक्षण वायां गेलें नाहीं. आणि मुलांनो, रात्रीं जेवणाची हांक आली म्हणजे हात धुऊन वेळेवर पानावर येऊन बसा. आई ताट वाढून तिष्ठत बसली असेल, तर इंजिन सकाळपर्यंत थांबूं शकतें.