दोन सेट स्क्वेअर आणि बर्फाचा उतार

सेमिस्टर संपत आली की होस्टेलमध्ये एक प्लॅन हमखास शिजतो – 'चलो हिमालय, विंटर ट्रेक!' यंदा आमच्या विंगमध्येही शिजतोय. माझं गाव अंतरवाली सराटी, जिल्हा जालना. आमच्याकडे बर्फ दिसतो तो फक्त गोळ्याच्या गाडीवर! त्यामुळे बर्फ म्हणजे मजा, एवढंच डोक्यात होतं. पण जायच्या आधी थोडं वाचलं आणि झोप उडाली.

3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये हिमस्खलन होऊन 10 जवान गाडले गेले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. ते तिथे कर्तव्यासाठी होते. आपण तर हौसेने जाणार. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथू ला च्या रस्त्यावर 7 पर्यटक असेच दगावले. आणि 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाला निघालेली तुकडीच 'द्रौपदी का डांडा' शिखराजवळ सापडली. म्हणजे ट्रेनिंग असलं तरी बर्फ सवलत देत नाही.

हे होतं कसं? खळ्यात ज्वारीची रास आठवा. कितीही दाणे ओता, उतार एका ठराविक कोनापुढे चढत नाही, दाणे घरंगळतात. बर्फ मात्र फसवा! त्याचे कण एकमेकांना चिकटतात, म्हणून तो जास्त तिरप्या उतारावरही थरावर थर रचत राहतो. कडक थंडीत मधला एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत होतो. वरून नवा बर्फ पडतो किंवा वारा आणून टाकतो, आणि साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं. तिच्यावर एका माणसाचं वजन पडलं तरी अख्खी फरशी सुटते. अशा अपघातांत बहुतेक वेळा ही फरशी सोडवणारा सापडलेल्या माणसांपैकीच कोणीतरी असतो, हे वाचून मी हादरलो.

आता आपल्या कामाची गोष्ट. ड्रॉइंगचे दोन सेट स्क्वेअर आठवा. एकात 30 अंशांचा कोपरा, दुसऱ्यात 45 चा. धोक्याचे उतार मुख्यतः या दोन कोनांच्या मधले! त्याहून सपाट जागी थर सहसा सुटत नाही, त्याहून उभ्या जागी फार साठतच नाही. मोबाईलमध्येही कोन मोजता येतो. पण नुसता पायाखालचा उतार बघून चालणार नाही. डोक्यावरचा उतारही बघा. सपाट नाल्यात तंबू ठोकला आणि वर 40 अंशांचा उतार असला, तर सगळा बर्फ तिथेच येणार.

आणखी काही खुणा: नुकताच भरपूर बर्फ पडलाय, जोराचा वारा झालाय, एकदम ऊन तापलंय, शेजारचा उतार आधीच कोसळलाय, किंवा पायाखाली 'धप्प' आवाज येऊन बर्फ खचतोय – तर परत फिरा. धोक्याचा उतार ओलांडणं टळत नसेल तर एकेकाने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा. चंदीगडची डी.जी.आर.ई. ही डी.आर.डी.ओ.ची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते बघा.

गाडला गेलेला माणूस दहा मिनिटांत निघाला तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाजवळ गेलो की तिघांतला एकच! एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवणारे म्हणजे सोबतचे रूममेटच. म्हणून प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं हवं, आणि ते वापरायची प्रॅक्टिस हवी. ट्रेक नेणाऱ्यांना पैसे भरण्याआधी विचारा – ही तिन्ही साधनं देणार का? उतार खराब दिसला तर परत फिरवणार का? उत्तर गोलमाल असेल तर ट्रेक कॅन्सल!

आमच्या विंगने ठरवलंय, कोणी एकाने जरी 'परत फिरू' म्हटलं तरी सगळे फिरणार, आणि त्याला नंतर कोणी चिडवायचं नाही. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आपणही असायला हवं ना!