मामाजींच्या फियाटचे दात

करडीच्या आमच्या मामाजींना दोन वस्तूंचा मोठा अभिमान आहे. पहिली म्हणजे त्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. तिला घरात पद्मिनी कोणी म्हणत नाही. ती कायमची 'फियाट'. दुसरी म्हणजे त्यांची पेट्रोलची वही. टाकीत लिटरभर पेट्रोल पडले तरी त्याची तारीख, मीटरचा आकडा आणि लिटरमागे पडलेले किलोमीटर त्या वहीत चढल्याशिवाय मामाजी जेवायला बसत नाहीत.

यंदा धानाची रोवणी आटोपल्यावर मी करडीला गेलो, तेव्हा चहाच्या आधी वही पुढे आली.

"पाहून घे बापू," मामाजी म्हणाले. "गाडी म्हातारी झाली म्हणतात लोक. पहिले लिटरला चौदा देत होती. आता साडेचौदा देऊन राहिली!"

मामीजी दारात उभ्या होत्या. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना दर पंधरा दिवसांनी नागपूरला जावे लागते आणि तो सारा प्रवास याच गाडीने होतो. त्या म्हणाल्या, "साडेचौदा देते ते देऊ द्या. पण मले तं वाटते, नागपूर पहिलेपेक्षा लांब गेलं जी."

मामाजी हसले. मीही हसलो. पण वही चाळता चाळता माझे हसू मावळले. पूर्वी मीटरवर जिथे शंभर किलोमीटर पडत, तिथे उन्हाळ्यापासून एकशे तेरा पडू लागले होते. रस्ता तोच, दवाखाना तोच. मामीजींच्या म्हणण्याला वहीचाच पुरावा होता!

उन्हाळ्यात काय घडले ते विचारले. गाडीचा मागचा भाग रडल्यासारखा आवाज करू लागला होता, म्हणून ती एका गॅरेजात दिली होती. मिस्त्रींनी क्लचप्लेट बदलली आणि मागच्या अॅक्सलमधले क्राउन-पिनियनही बदलले. आवाज गेला. जुना संच मामाजींनी हट्टाने परत मागून घेतला होता आणि तो पोत्यात गुंडाळून धानाच्या कोठीमागे ठेवला होता. पोते सोडले. क्राउनचे दात मोजले, ते भरले ४३. पिनियनचे भरले १०, त्यांतल्या दोघांचे कोपरे उडालेले.

आता नव्याचे दात मोजायचे, तर अॅक्सल उघडायला हवा. पण त्याला एक गावठी युक्ती आहे आणि ती प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने शिकून ठेवावी. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावावेत, गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक उचलून खाली पक्की घोडी द्यावी. एक चाक जमिनीवर दाबलेले असले की डिफरन्शियलच्या करामतीने उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाल्यावर क्राउनचा एक फेरा होतो. म्हणजे चाक वीस वेळा फिरवले की क्राउन दहा वेळा फिरतो. तेवढ्या वेळात प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे झाले ते मोजायचे. शाफ्टवर खडूची रेघ मारून मी गाडीखाली शिरलो. मामाजी चाक फिरवीत होते. जुन्या संचाने त्रेचाळीस फेरे झाले असते. नव्याने झाले पावणेएकोणपन्नास.

म्हणजे नवा संच ३९ आणि ८ दातांचा. जुन्याचे प्रमाण ४.३, नव्याचे ४.८७५. दोहोंत तेरा टक्क्यांहून किंचित अधिक फरक.

आता नागपूर लांब कसे गेले? या गाडीचा मीटर चाकाला काही विचारत नाही, तो विचारतो गिअरबॉक्सच्या शेपटीला. मीटरची केबल तिथून निघते. शाफ्ट इतका फिरला म्हणजे चाक इतके चालले असणार, हा हिशेब कारखान्यात मूळच्या दातांवरून कायमचा बांधलेला असतो. मागचे दात बदलले हे मीटरला कळण्याची सोयच नाही. आता तेवढेच अंतर जायला शाफ्टला तेरा टक्के जास्त फिरावे लागते आणि मीटर ते सगळे इमानाने रस्त्याच्या नावावर मांडतो. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या पुढे, ज्याला पूर्वी सहा नंबरचा म्हणत आणि आता त्रेपन्न म्हणतात त्या महामार्गावर आम्ही पन्नास किलोमीटरचे दगड मोजले. मीटर म्हणाला साडेछप्पनच्या वर!

म्हणजे मामाजींचे साडेचौदा हे खरे पावणेतेराच. चौदावरून गाडी खाली आली होती आणि वही मात्र ती वर चढली असे सांगत होती. शिवाय मामाजी शिस्तीचे. महामार्गावर मीटरचा काटा साठावर ठेवायचा म्हणजे ठेवायचा. तो साठ आता खरा त्रेपन्नच होता. मामीजींना प्रवास लांबल्यासारखा वाटला तो भ्रम नव्हता. मीटरपेक्षा त्यांचा अंदाज खरा ठरला. मामाजींनी हे ऐकून घेतले आणि दिवसभर ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

ही चूक कशी झाली असेल, ते समजण्यासारखे आहे. या गाड्यांचे उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षे झाली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मिळेल तो संच बसवणे मिस्त्रींना भाग पडले असेल. तक्रार एवढीच, की बसवला तो कोणता, हे मालकाला सांगायला हवे होते.

पण पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. हा संच ठेवायचा की बदलायचा? आणि बदलायचा तर कोणता घ्यायचा?

इथे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. ही गाडी म्हणजे फियाटने १९५३ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या अकराशेचा वंश. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याने ती कुर्ल्यात बांधायला घेतली आणि तिचे नाव-रूप बदलत बदलत ती पद्मिनी झाली. एवढेसे इंजिन माणसांनी भरलेली गाडी ओढते ते केवळ दातांच्या जोरावर. पहिल्या गिअरला इंजिनाचे ३.८६ फेरे होतात तेव्हा शाफ्टचा एक होतो, दुसऱ्याला २.३८, तिसऱ्याला १.५७, आणि चौथ्याला सरळ एकास एक. या प्रत्येक आकड्याला मागच्या अॅक्सलच्या आकड्याने गुणायचे. ४.३ ने गुणले तर पहिला गिअर १६.६ होतो; ४.८७५ ने गुणले तर १८.८.

याला शिडीची उपमा चांगली लागू पडते. मागचे दात बदलले की सगळी शिडीच वर किंवा खाली सरकते. पायऱ्यांमधले अंतर मात्र तेच राहते. या गाडीत तिसऱ्या आणि चौथ्यातली पायरी उंच आहे. साठाच्या वेगाने चढ लागला आणि तिसरा गिअर टाकला, की इंजिन साडेतेवीसशे फेऱ्यांवरून एकदम छत्तीसशेच्या पुढे ओरडू लागते. ही खोड क्राउन-पिनियन बदलून जाणार नाही. ज्याला ती घालवायची आहे त्याने गिअरबॉक्सच बदलावा. म्हणून गाडी जड चालते एवढ्यावरून अॅक्सल उघडायला धावू नये.

चाक एका फेऱ्यात किती जमीन कापते तेही पाहावे. टायरला आणि जमिनीला खडूची खूण करावी, नेहमीची माणसे गाडीत बसवावीत, गाडी एक फेरा ढकलावी आणि टेपने मोजावे. आमचे माप आले १ मीटर ८३ सेंटिमीटर. त्यावरून ४.३ च्या संचाने चौथ्या गिअरात इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना साडेपंचवीस किलोमीटर वेग मिळतो, आणि ४.८७५ ने मिळतो साडेबावीस. खऱ्या ऐंशीच्या वेगाला जुन्या संचाने इंजिन मिनिटाला ३१०० च्या आसपास फिरे, नव्याने ३५५० च्या आसपास फिरते. 

छोट्या गाडीचा हा पेच जुनाच आहे. इंग्लंडात अॅलेक इसिगोनिस यांनी रचलेल्या मॉरिस मायनरचे पाहा. आपल्याकडे हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' म्हणून आली होती. १९५२ नंतर तिला ८०३ चे इंजिन बसले तेव्हा अॅक्सल सव्वापाचाच्या वर ठेवावा लागला. १९५६ साली ९४८ चे इंजिन आले तेव्हा तो ४.५५ झाला, १९६२ साली १०९८ चे आल्यावर ४.२२. इंजिनात जसजसा दम वाढला तसतशी त्याला शांतपणे चालण्याची मुभा मिळाली. जर्मनांच्या फोक्सवॅगनने तर चौथा गिअर एकापेक्षाही खाली ठेवला होता, म्हणजे मोठ्या रस्त्यावर दिवसभर पळवली तरी इंजिन दमू नये.

मामाजींचा रस्ता मात्र जर्मनांचा नाही. गोठ्याजवळून सडकेवर यायला त्यांच्या घरी मातीचा चढ आहे. पावसाळ्यात तिथे चिखल होतो. मामाजींचे म्हणणे पडले, "मीटर खोटा बोलते ते कबूल. पण या चढावर गाडी पहिले क्लच जाळत होती, आता सरसर चढते. हे कसं सोडू, सांग."

मुद्दा बिनतोड होता. मग दोरी आणि लाकडाची पातळी घेऊन चढ मोजला. सहा फुटांना एक फूट. माणसे आणि धानाचे पोते धरून गाडी १२५० किलो. नुसता चढ चढायला सुमारे २१० किलोंचा जोर हवा. चिखलाचे हात राखून आणखी सव्वाशे धरले. एकूण ३३५ झाले. इंजिनाची पीळ ७ किलोग्रॅम-मीटर धरली आणि घर्षणात दहावा हिस्सा गेला असे मानले, तर जुन्या संचाने पहिल्या गिअरला चाकाशी सुमारे ३६० किलोंचा जोर पोचतो, आताच्याने सुमारे ४१०. म्हणजे जुना संचही काठावर का होईना, पुरत होता. मग क्लच का जळत होता?

कारण क्लचप्लेट झिजली होती! ती त्याच वेळी बदलली गेली आणि श्रेय मिळाले दातांना. दोन गोष्टी एका दिवशी बदलल्या की असे होते. वैद्याने काढाही दिला आणि पथ्यही सांगितले, तर गुण कशाचा?

शेवटी वहीनेच निकाल दिला. दहातले आठ किलोमीटर भंडारा ते नागपूर अशा मोठ्या सडकेवरचे होते. तो चढ दिवसातून एकदा, फार तर दोनदा. पुन्हा ४.३ वर जायचे ठरले आणि आम्ही नागपूरला जुन्या सामानाच्या एका दुकानी गेलो.

दुकानदाराने गोदामातून दोन संच काढले. पहिला ४३ आणि १० चा. मामाजींचा चेहरा फुलला. मी चिंधीने तेल पुसून पाहिले. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरतात. या दोघांवरचे क्रमांक वेगळे होते. दोन मोडक्या संसारांतून एकेक उचलून लावलेले ते लग्न होते. असली जोडी कितीही काळजीने बसवली तरी रडते आणि लौकर दात टाकते. मामाजींना ते पटवताना घाम फुटला.

दुसरा संच ४१ आणि ९ चा. प्रमाण साडेचाराच्या किंचित वर. क्रमांक जुळलेले, दातांवरची झीज एकसारखी. या सगळ्या जोड्यांच्या आकड्यांत एक खुबी आहे. ४३-१०, ४१-९, ३९-८. कुठल्याही जोडीला समाईक भाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला पाळीपाळीने भेटतो आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते.

मी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. हजार फेऱ्यांना चोवीस किलोमीटर. खऱ्या ऐंशीला इंजिन ३३०० च्या थोडे वर. चढावर चाकाशी ३८० किलोंचा जोर. मनातल्या संचापेक्षा थोडा हलका, बसवलेल्यापेक्षा पुष्कळ बरा. आणि मुख्य म्हणजे जोडी खरी.

"घ्या जी," मामीजी गाडीतूनच म्हणाल्या. "किती वेळ मोजता?"

संच बसवला तो भंडाऱ्याच्या एका वयस्क मिस्त्रींनी. दातांना शेंदूर लावून, क्राउन फिरवून, ठसा दाताच्या मधोमध उमटेपर्यंत त्यांनी पातळ पत्र्याच्या चकत्या तीनदा बदलल्या. त्या कामाला पूर्ण दिवस गेला. मीटर अजूनही सहा टक्के खोटे बोलतोच. म्हणून मामाजींनी काचेच्या खाली एक चिठ्ठी डकवली आहे: 'मीटर ८५ = खरे ८०'.

मी निघालो त्या सकाळी ते ओसरीवर लाल शाई घेऊन बसले होते. उन्हाळ्यापासूनच्या प्रत्येक नोंदीपुढे नवा रकाना आखून ते किलोमीटरांना १.१३ ने भागत होते.