गावी यायचंय, पण परत जाता येईल का? अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरी करणारे तिकीट काढायला का घाबरतायत

२० सप्टेंबर २०२५. शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती आणि सोमवारी घटस्थापना. सणासुदीला अमेरिकेतून गावी आलेल्या अनेकांच्या मोबाईलवर त्या दिवशी एकच मेसेज आला, 'मिळेल त्या विमानाने परत या.'

कारण राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एच-१बी व्हिसावर १ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास ८८ लाख रुपये शुल्क लावण्याच्या घोषणापत्रावर सही केली होती. ते लागू व्हायला दीड दिवससुद्धा उरला नव्हता. पुढच्या काही तासांत अमेरिकन सरकारने खुलासा केला की, हे शुल्क नव्या अर्जांसाठी आहे, आधीपासून व्हिसा असलेल्यांना परत येताना ते भरावं लागणार नाही. पण धसका बसायचा तो बसलाच.

या प्रकरणात आयटीवाल्यांची चर्चा सगळ्यात जास्त झाली. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवणारे, लॅबमध्ये संशोधन करणारे लोकही याच व्हिसावर असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

समजा, शिक्रापूरचा एक मुलगा आहे. पुण्यात शिकला, अमेरिकेत पीएचडी केली आणि तिथल्याच एका विद्यापीठात संशोधक म्हणून लागला. चार वर्षांत घरी आलेला नाही. आईचं ऑपरेशन ठरलंय. घरचे म्हणतात, "आठ दिवस तरी ये." आणि तो म्हणतो, "बघतो." गावाला वाटतं, पोरगं बदललं. पण खरी अडचण वेगळीच असते.

व्हिसा संपला तरी नोकरी चालू कशी?

इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो. अमेरिकेत राहण्याची परवानगी आणि अमेरिकेत शिरण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा हा फक्त दारातून आत जाण्याचा पास असतो. आत गेल्यावर किती दिवस राहायचं, हे आय-९४ नावाच्या नोंदीवरून ठरतं. नोकरीची मंजुरी आय-७९७ या कागदावर असते. त्यामुळे पासपोर्टवरचा व्हिसा संपला, तरी बाकीचे दोन कागद चालू असतील तर माणूस तिथे राहून कायदेशीर नोकरी करू शकतो.

पण तो देशाबाहेर पडला की पुन्हा दारात उभा. मग नवा व्हिसा लागतो, आणि तो अमेरिकन वकिलातीतूनच घ्यावा लागतो. यालाच सगळे 'स्टॅम्पिंग' म्हणतात. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या वकिलातीकडे, म्हणजे बीकेसीला. शिक्रापूरहून पुणे आणि पुढे एक्सप्रेसवेने मुंबई हा प्रवास एका दिवसात होतो. अवघड असतं ते अपॉइंटमेंट मिळणं.

विद्यापीठवाल्यांचं काय वेगळं?

कंपन्यांसाठी दरवर्षी ८५ हजार नव्या एच-१बीचा कोटा असतो आणि त्यासाठी नंबर लागावा लागतो. विद्यापीठं या कोट्याबाहेर आहेत. ती वर्षभरात कधीही अर्ज करू शकतात. पण १ लाख डॉलरच्या शुल्कातून त्यांना सरसकट सूट मिळालेली नाही. संशोधनाच्या ठरावीक अनुदानावर चालणाऱ्या लॅबला एका माणसासाठी एवढी रक्कम भरणं परवडत नाही. म्हणूनच असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज ही विद्यापीठांची संघटना यूएस चेंबर ऑफ कॉमर्ससोबत कोर्टात गेली. डिसेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

पोस्टडॉक करणारे बरेच जण जे-१ व्हिसावर असतात. त्यांना हे शुल्क लागू नाही. मात्र त्यांच्या डीएस-२०१९ या कागदावर प्रवासासाठी विद्यापीठाची सही लागते, आणि ती जास्तीत जास्त एक वर्ष चालते.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं?

पहिलं, ड्रॉपबॉक्स गेला. आधी व्हिसा रिन्यू करताना अनेकांना मुलाखत नसायची, कागद जमा केले की काम व्हायचं. २ सप्टेंबरपासून एच-१बीवाल्यांची ही सोय बंद झाली.

दुसरं, बाहेरचा रस्ता बंद झाला. भारतात तारीख मिळाली नाही की लोक दुबई किंवा सिंगापूरला जाऊन स्टॅम्पिंग करून घ्यायचे. सप्टेंबरमध्येच नियम आला की अर्ज आपल्या देशात किंवा जिथे राहता त्या देशातच करायचा.

तिसरं, सोशल मीडियाची तपासणी. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबाच्या एच-४ व्हिसासाठी सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवायला सांगण्यात आलं. जे-१ आणि विद्यार्थ्यांना हा नियम जूनपासूनच होता. या तपासणीमुळे रोजच्या मुलाखती कमी झाल्या आणि भारतातल्या डिसेंबरच्या अनेक अपॉइंटमेंट थेट मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. जुन्या तारखेला आलात तर आत घेणार नाही, असंही दूतावासाने स्पष्ट सांगितलं. तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेले लोक इथेच अडकले. तिकडे घराचं भाडं चालू, मुलांची शाळा चालू.

सगळ्यात मोठा सापळा कुठे आहे?

तो आहे 'चेंज ऑफ स्टेटस'मध्ये. शिक्षण संपवून विद्यापीठातच नोकरीला लागलेल्या माणसाचा विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीचा अर्ज अमेरिकेतच चालू असतो. अशा अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क नाही, हे २० ऑक्टोबर २०२५ च्या सरकारी खुलाशात सांगितलंय.

पण निकाल लागायच्या आत तो माणूस देशाबाहेर पडला, तर स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिल्याचं मानलं जातं. मग त्याला बाहेरून व्हिसा घेऊन यावं लागतं, आणि त्याच खुलाशानुसार अशा वेळी शुल्क लागू होतं. म्हणजे आठ दिवसांची शिक्रापूरवारी विद्यापीठाला ८८ लाखांना पडू शकते. एवढे पैसे भरायला विद्यापीठ नाही म्हणालं, तर नोकरी गेली.

व्हिसा आहे म्हणजे एंट्री नक्की का?

नाही. शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. मार्च २०२५ मध्ये ब्राऊन विद्यापीठात शिकवणाऱ्या किडनी प्रत्यारोपण तज्ज्ञ डॉ. राशा अलाविए लेबनॉनहून एच-१बी व्हिसा घेऊन बोस्टनला उतरल्या आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. हिजबुल्लाच्या नेत्याच्या अंत्यविधीला त्या गेल्या होत्या, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यांच्या फोनमधले फोटोही तपासले गेले होते. त्यानंतर गरज नसेल तर परदेश प्रवास टाळा, असा सल्ला ब्राऊनने आपल्या परदेशी लोकांना दिला. भारतीयांच्या बाबतीत असं सर्रास होत नाही, पण फोन तपासला जाऊ शकतो हे माहीत असलेलं बरं.

तिकीट काढण्याआधी काय बघायचं?

१. पासपोर्टवरचा व्हिसा परतीच्या तारखेला चालू असेल का? असेल तर स्टॅम्पिंगची गरज नाही. विद्यापीठ बदललं असेल, तरी जुना चालू एच-१बी व्हिसा आणि नव्या विद्यापीठाचं आय-७९७ यावर परत जाता येतं.

२. पासपोर्ट कधी संपतोय? लवकर संपत असेल तर आय-९४ वर त्याच तारखेपर्यंतची मुदत मिळू शकते.

३. कुठला अर्ज प्रलंबित आहे का? असेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय बुकिंग करायचं नाही.

४. व्हिसा संपला असेल तर आधी अपॉइंटमेंट, मग तिकीट.

५. सोबत आय-७९७, विद्यापीठाचं पत्र आणि अलीकडच्या पगाराच्या स्लिप ठेवा. डीएस-१६० फॉर्मवर पाच वर्षांतल्या सोशल मीडिया अकाउंटची नावं खरी भरा.

६. तारीख पुढे गेलीच तर भारतातून काम करता येईल का, पगार चालू राहील का, हे विद्यापीठाकडून आधीच लेखी घ्या.

आणि घरी अचानक काही झालं तर?

अमेरिकेतून निघायला कुणी अडवत नाही, प्रश्न परतीचा आहे. वकिलातीकडे तातडीच्या अपॉइंटमेंटची विनंती करता येते. त्यासाठी आधी साधी अपॉइंटमेंट बुक करावी लागते आणि मग कारण देऊन अर्ज करायचा. मंजुरीची खात्री नसते.

म्हणून पासपोर्टवर चालू व्हिसा असणं ही या लोकांसाठी मोठी गोष्ट आहे. तो असेल तर माणूस रात्री फोन आला की सकाळी निघू शकतो. नसेल तर आईजवळ बसायचं की नोकरी सांभाळायची, यातलं एक निवडावं लागतं.

त्यामुळे तुमच्या घरातलं कुणी तिकडे असेल आणि "बघतो" म्हणत असेल, तर "कधी येतोस" विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, "तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे?" बहुतेक वेळा खरं उत्तर तिथेच मिळतं.