पोलिओचे थेंब दाराशी का अडले?

२००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले. त्यांतले १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशातले. देशभरात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्येच सुरू झाली होती. लस मोफत होती, पुढे ती घरपोचही मिळू लागली. तरीही मुरादाबाद, मेरठच्या पट्ट्यात अनेक वस्त्यांत पथक आले की दारे बंद होत. थेंब घेतले की मुलांना पुढे अपत्ये होत नाहीत, अशी बोलवा होती.

अडाणीपणा म्हणून याकडे पाहणे सोपे होते आणि सुरुवातीला बऱ्याच अंशी तेच झाले. पण मुलांना मूल होऊ न देण्याचा सरकारचा डाव आहे, ही शंका हवेतून आलेली नव्हती. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी सक्तीने. याच पट्ट्यातल्या मुझफ्फरनगरात ऑक्टोबर १९७६ मध्ये नसबंदीविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला होता. तेव्हाचे तरुण आता घरातले आजोबा होते.

दुसरा प्रश्न तर बिनतोड होता. गटारे उघडी, नळाला पाणी नाही, मूल तापाने फणफणले तर कोणी फिरकत नाही; मग याच एका आजारासाठी सरकारी माणसे पुन्हा पुन्हा दारात का येतात?

शिवाय अनेक वेळा थेंब घेतलेल्या मुलांनाही पोलिओ झाल्याचे लोक पाहत होते. ही तक्रारही खरी निघाली. ‘सायन्स’ नियतकालिकात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या प्रकारच्या विषाणूविरुद्ध तेव्हाच्या लसीच्या एका मात्रेची परिणामकारकता उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के, तर उत्तर प्रदेशात अवघी ९ टक्के होती. दाट वस्ती, घाण आणि जुलाब यांमुळे लसीतला दुर्बल विषाणू आतड्यात नीट रुजत नव्हता. म्हणून मात्रा वाढवाव्या लागल्या, आणि मात्रा वाढल्या तसा संशयही वाढला.

नुसत्या जाहिरातींनी हे बदलणारे नव्हते. युनिसेफच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘सोशल मोबिलायझेशन नेटवर्क’ने गल्लीतल्याच बायकांना कामाला घेतले. कोणाच्या घरी बाळंतपण झाले, कोणाचा मुलगा गावाला गेला, हे त्यांना सांगावे लागत नसे. मशिदींतून लसीकरणाच्या दिवसाची घोषणा होऊ लागली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्था सोबत आल्या. शिट्ट्या वाजवत पोरांना बूथवर बोलावून आणणाऱ्या मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ निघाल्या; मोठ्यांच्या भाषणांपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त झाला असेल तर नवल नाही.

गटारांचा प्रश्नही अखेर ऐकला गेला. २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या सर्वाधिक जोखमीच्या १०७ तालुक्यांसाठी खास आराखडा आला. त्यात थेंबांसोबत स्वच्छता, शुद्ध पाणी, हात धुणे, स्तनपान, जुलाबावर क्षारसंजीवनी आणि झिंक असे सगळे होते. वस्तीच्या दृष्टीने ही माणसे आता फक्त पोलिओवाली राहिली नाहीत.

श्रेय एकट्या संवादाचे नाही. जानेवारी २०१० मध्ये अधिक प्रभावी द्विगुणी लस आली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२. पण चांगली लसही दार उघडल्याशिवाय बाळाच्या तोंडात पडत नाही. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि बालके दगावली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी महापालिकेने स्थानिक धर्मगुरूंची मदत घेतली. साथ येण्याआधी त्या गल्ल्यांत कोण, कशासाठी आणि किती वेळा जात होते, हे तपासणे अजून बाकी आहे.