सीट बेल्टचा दिवा विझत नसेल तर काय पाहावे?



आपल्या भागात आता पुष्कळ घरांसमोर चारचाकी उभी दिसते. त्यांतल्या बऱ्याच गाड्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. अशा गाड्यांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. पट्टा लावला तरी मीटरमधला लाल दिवा विझत नाही आणि बजर ओरडत राहतो. मग कुणी तरी सल्ला देतो, 'वायर तोडून टाका, नाही तर ती क्लिप घालून ठेवा, म्हणजे झालं.' हा सल्ला चुकीचा का आहे, आणि खरा दोष बहुतेक वेळा किती किरकोळ असतो, हे येथे सांगावयाचे आहे.

आपल्या कारखान्यात बॉयलरमधील पाण्याची पातळी खाली गेली की इशारा होतो. तो इशारा कटकटीचा वाटतो म्हणून कोणी शिट्टीत बोळा कोंबीत नाही, आधी पाणी पाहतो. गाडीच्या दिव्याचेही तेच आहे.

प्रथम दिवा नेमका कोणता ते पाहा. बसलेला माणूस आणि त्याच्या अंगावरून आडवा पट्टा असे चित्र असेल तर तो सीट बेल्टचा दिवा. माणसासमोर गोल फुगा दाखविलेला असेल तर तो एअरबॅगचा. हा दुसरा दिवा सतत लागून राहत असेल तर घरी काहीही खोलू नये, सरळ जाणत्या मेकॅनिककडे जावे. बजरच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी पट्ट्याची सूचना सक्तीची झाली, त्याच वेळी वेगाची सूचनाही आली. ताशी ८० किलोमीटरच्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा आवाज हा वेगाचा आहे. तो पट्ट्याचा समजून बकल खोलून बसण्यात अर्थ नाही. त्याआधीच्या गाड्यांत मात्र एकसारखेपणा नाही. काहींत नुसता चालकाच्या बाजूचा दिवा, काहींत दिव्याबरोबर बजर, काहींत काहीच नाही.

आता ही सूचना चालते कशी? आसनाच्या बाजूला जे बकल असते, त्याच्या आत एक बारीक स्विच असतो. पट्ट्याची लोखंडी जीभ आत जाऊन 'खट्' झाली की तो स्विच आपली स्थिती बदलतो. त्याच्या वायरी आसनाखालून एका प्लगमधून मीटरकडे जातात. एवढाच कारभार. म्हणून दोष शोधायचा तो बकल, प्लग, वायर, फ्यूज याच क्रमाने. मीटर उघडण्यापर्यंत पाळी क्वचितच येते.

सर्वांत जास्त बिघाड बकलमध्ये, आणि तोही कचऱ्याचा. आपल्याकडे फडातून, काट्यावरून, धुळीच्या रस्त्यातून गाडी फिरते. बकलचे तोंड वर असते. त्यात माती, उसाचे चिपाड, शेंगदाण्याची टरफले, मुलांची गोळ्या-बिस्किटे, सांडलेला चहा असे सर्व काही जाते. तळाशी थर बसला की जीभ पूर्ण खाली जात नाही. येथेच खरे लक्ष द्यावे. कारण अशा वेळी दिवा खोटे बोलत नसतो, पट्टाच पुरता अडकलेला नसतो! पट्टा लावून तो जोराने वर ओढून पाहा. निसटला, किंवा 'खट्' असा स्वच्छ आवाज आला नाही, तर ती गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर नेऊ नये.

साफ करण्याची रीत अशी. किल्ली बंद करावी. बकलच्या तोंडात उजेड टाकून पाहावे. मोठा कचरा चिमट्याने काढावा, मग पंक्चरच्या दुकानातल्या हवेने फुंकर मारून घ्यावी. चहा-सरबताचा चिकटा असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून पट्टा दहा-वीस वेळा लावावा, काढावा, आणि वाळू द्यावे. इंजिन ऑईल, ग्रीस किंवा गोडेतेल चुकूनही घालू नये. तेलावर धूळ बसून महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

एवढ्याने दिवा विझला नाही, तर आसनाखाली पाहा. खड्ड्यात गाडी आपटली किंवा आसन पुढे-मागे सरकवले की दिवा लुकलुकत असेल, तर दोष हमखास तेथेच असतो. आसनाखाली सरकलेली पाण्याची बाटली किंवा जॅकचा दांडा वायरीला ओढतो. रुळाच्या कडेला घासून वायरीचे कातडे निघते. पावसाळ्यात मॅट ओली राहून प्लगच्या पिनांवर गंज चढतो. आणि गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदीरमामांना विसरू नये.

मात्र हात घालण्यापूर्वी एक इशारा. आसनाखाली पिवळ्या रंगाचे प्लग किंवा पिवळे वेष्टण दिसले, तर ते एअरबॅगचे किंवा धडकेच्या वेळी पट्टा आवळून घेणाऱ्या यंत्रणेचे असते. तिच्यात लहानसा स्फोटक भाग असतो. त्याला मल्टिमीटर वा टेस्ट लॅम्प लावू नये, तो प्लग ओढू नये. ते काम बॅटरी सोडवून, काही मिनिटे थांबून, माहीतगारानेच करावयाचे असते.

बकलच्या स्विचचा साधा, वेगळा प्लग असेल, तर तो काढून पिना साफ कराव्यात. जमल्यास बकलकडील दोन वायरींना मल्टिमीटर लावावा. पट्टा लावताना आणि काढताना मीटरचे दाखविणे बदलले पाहिजे. काही गाड्यांत पट्टा काढल्यावर जोड मिळतो, काहींत लावल्यावर. तेव्हा 'अमुकच आले पाहिजे' असा हट्ट नको, बदल होतो की नाही एवढेच पाहावे. बदल होत नसेल तर स्विच गेला. होत असेल तर दोष पुढच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये.

शेजारच्या रिकाम्या आसनासाठी दिवा लागत असेल, तर बहुधा त्यावर आपण काही तरी ठेवलेले असते. आसनात वजन ओळखणारी पट्टी असते, तिला खताची पिशवी आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पिशवी खाली ठेवावी.

वायर तोडणे आणि क्लिप घालणे यांबद्दल आता बोलू. पट्ट्याऐवजी बकलमध्ये खोचायची ही क्लिप ऑनलाइन सर्रास विकली जात असे. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती काढून टाकण्याचे आदेश दिले. लोकांचा या सूचनेवरचा राग काही आजचा नाही. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी तेथील काँग्रेसने ती सक्ती रद्द केली. पण त्यामुळे धडकेचा नियम बदलत नाही. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो, आणि एअरबॅग पापणी लवण्याआधी त्याच्यावर उघडते. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला आहे, बदली नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची महागडी गाडी धडकली. मागे बसलेले दोघे दगावले, आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. आपल्या जुन्या गाड्यांत मागच्या आसनासाठी दिवाच नसतो, म्हणून मागच्यांना तोंडाने सांगणे भाग आहे. दंड १,००० रुपये आहे, तो वेगळाच.

जुनी गाडी घेताना पट्टा न लावता किल्ली ऑन करून पाहावी. ज्या गाडीत ही सोय आहे तिचा दिवा लागलाच नाही, तर फ्यूज गेलेला असेल किंवा आधीच्या मालकाने वायरीशी खेळ केलेला असेल. तसे विचारून घ्यावे.

बकल बदलण्याची वेळ आली तर त्याच मॉडेलचे नवे घ्यावे. भंगारातले घेऊ नये, कारण ते धडक झालेल्या गाडीतले असू शकते आणि एकदा ताण सोसलेले बकल वरून कळत नाही. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या ताणाने गॅरेजमध्येच आवळून घ्यावा. आणि काढलेले जुने बकल मागून घरी आणावे, नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसते.