हात उचलण्याची वेळ

पडद्याच्या कोपऱ्यात तीन बारीक पट्ट्या असतात. टायपिंग सुरू झालं की पहिली पट्टी हळूहळू भरू लागते. हात थांबले की तीही थांबते. पूर्ण भरली की पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उमटते आणि सेकंद उलटे मोजू लागते. तेवढा वेळ कीबोर्डला हात लावायचा नाही, माउसही धरायचा नाही. मोजणी संपली की चौकट आपोआप जाते आणि पट्टी पुन्हा रिकामी होते.

या प्रोग्रामचं नाव वर्करेव्ह. नेदरलँड्समधल्या प्रोग्रामरांनी तो या शतकाच्या सुरुवातीला लिहिला. तो फुकट मिळतो आणि विंडोजवरही चालतो, लिनक्सवरही. काटेवाडीत बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका सेवा केंद्रात मी टायपिंगचं काम करते, तिथल्या संगणकावर तो आता कायमचा आहे. दाखल्यांचे अर्ज, पीक विमा, शेतकरी ओळख क्रमांक, बँकेच्या कर्जाची प्रकरणं, मधूनच एखादा करारनामा किंवा लग्नपत्रिकेचा मजकूर, असं आमचं काम. दिवसभर समोरचा माणूस बदलतो, कागद बदलतो, हात मात्र तेच राहतात.

मनगट दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला मराठी टायपिंग जवळून बघावं लागतं. आम्ही इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर काम करतो. त्यात मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. ही वाटणी चांगली आहे, दोन्ही हात आळीपाळीनं चालतात. ‘बारामती’ लिहिताना बोटं कशी सरळ धावतात. एकदाही शिफ्ट लागत नाही. ‘काटेवाडी’लाही शिफ्ट लागत नाही, पण ट आणि ड ही दोन्ही अक्षरं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात आणि ती दोनदा बाहेर ताणली जाते. ‘एकूण’ लिहायचं तर ए आणि ण दोन्हींना शिफ्ट. सगळ्यात कष्टाचा शब्द ‘क्षेत्र’. क्ष शिफ्ट दाबून सातच्या बटणावर, त्र शिफ्ट दाबून सहाच्या बटणावर. म्हणजे एका लहानशा शब्दासाठी करंगळी दोनदा शिफ्ट दाबते आणि दुसरा हात दोनदा आकड्यांच्या ओळीपर्यंत चढतो. शेतीच्या कागदात ‘क्षेत्र’ हा शब्द किती वेळा येतो, हे सातबारा पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ख, घ, थ, ध, भ, श, ळ सगळी शिफ्टवर. त्यामुळे आमच्या कामात पहिली तक्रार करते ती करंगळी आणि तिच्यामागून कोपरापर्यंत जाणारी बाहेरची शीर.

लोक मात्र एकच नाव घेतात: कार्पल टनेल. मनगटाच्या तळाशी आठ लहान हाडांची कमान असते आणि तिच्यावरून एक घट्ट पट्टा जातो. त्या दोहोंमधल्या अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. बोगद्यात दाब वाढला की ती नस आवळली जाते. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात, करंगळी सुटते. रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. टायपिंगमुळेच हा आजार होतो का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांचाही त्यात मोठा भाग असतो. कीबोर्डवर काम करणाऱ्यांना बहुतेक वेळा त्रास होतो तो कंडरांचा आणि हाताच्या स्नायूंचा. पण मनगट मागे वाकवून तासन्‌तास ठेवलं तर बोगद्यातला दाब वाढतो, हे नक्की. म्हणून कीबोर्डखालचे दोन पाय मिटवून तो सपाट ठेवावा. ते पाय उघडले की कीबोर्ड मागून उचलला जातो आणि मनगट आणखी वर वळतं.

हा त्रास संगणकाबरोबर आला असं वाटतं, पण तो फार जुना आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांवर एक प्रकरण जोडलं. लेखनिकांच्या दुखण्याची त्यानं तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच प्रकारची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. तिसरं कारण वाचून मी फार वेळ थांबले होते. आधारचे बारा आकडे, बँकेचा खाते क्रमांक, गट नंबर टाकताना खांदे कानाकडे चढतात आणि बोटं गरजेपेक्षा दुप्पट जोरानं बटण दाबतात. एक आकडा चुकला तर कोणाचं तरी अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जायचं. ही भीती हातात उतरते, आणि उपाय शोधताना तीच कोणी मोजत नाही.

मी टायपिंग शिकले ते जुन्या मशीनवर. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डावा हात उचलून दांडीनं कॅरेज मागे सारायचा. पान संपलं की नवा कागद, मध्ये कार्बन, दोन्ही सरळ करून पुन्हा रोलरवर चढवायचे. मशीन जड होतं, बोटं थकायची, पण दर ओळीला हात बटणांवरून उचलावाच लागायचा. गोदरेजनं १९५५ मध्ये आपल्याकडचा पहिला टाइपरायटर बनवला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. मशीन गेलं तशी घंटीही गेली. संगणकावर ओळ आपोआप खाली येते, पान संपत नाही, खोडायला खोडरबर लागत नाही. हात उचलण्याचं कारणच उरलं नाही. खेड्यात त्यानंतरही एक थांबा होता, तो म्हणजे भारनियमन. लाइट गेली की सगळे अंगणात. इन्व्हर्टर आला आणि तोही थांबा संपला. कामातून आपोआप मिळणारी विश्रांती अशी एकेक करून गेली आणि तिच्या जागी कोणी काही ठेवलं नाही. वर्करेव्हसारखा प्रोग्राम मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. तो ती घंटी परत आणतो.

साधा गजर लावून हे जमत नाही. गजराला घड्याळ कळतं, हात कळत नाहीत. तुम्ही अर्धा तास फोनवर बोलत होता की अर्धा तास सलग अर्ज भरत होता, हे त्याला समजत नाही. वर्करेव्ह बटणं आणि माउस यांच्यावर नजर ठेवतो. गिऱ्हाईक कागद शोधत असताना हात मोकळे राहिले आणि तो वेळ विश्रांतीइतका भरला, तर तो पट्टी स्वतःहून रिकामी करतो आणि उगाच अडवत नाही. मूळ मांडणीत दर तीन मिनिटांनी तीस सेकंदांचा छोटा थांबा, पंचेचाळीस मिनिटांनी दहा मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला चार तासांची मर्यादा असते. सेवा केंद्रात हे जसंच्या तसं चालत नाही. दर तीन मिनिटांनी चौकट आली तर माणूस वैतागून प्रोग्रामच काढून टाकतो. आम्ही छोटा थांबा दहा मिनिटांवर वीस सेकंद आणि मोठी विश्रांती पन्नास मिनिटांवर पाच मिनिटं अशी ठेवली आहे. पाळली जाणारी सैल वेळ ही मोडली जाणाऱ्या कडक वेळेपेक्षा बरी, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरी अडचण ओटीपीची. शेतकऱ्याच्या फोनवर आकडे आलेले असतात, त्यांची मुदत संपत असते, आणि तेवढ्यात चौकट उगवते. तिथे ‘पुढे ढकला’ हे बटण आहे, ते वापरावं. काही मिनिटांनी चौकट पुन्हा येते. ‘वगळा’ हेही बटण आहे. ते एकदा हाताला लागलं की सवय होते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ते लपवून टाकावं.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि ती इथे बसल्याशिवाय लक्षात आली नसती. संकेतस्थळ अडकतं, पडद्यावर चाक फिरत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, ऑपरेटर आता मोकळी आहे. पण तिचा हात पाहा. माउस घट्ट धरलेला, तर्जनी वर उचललेली, चाक थांबताच दाबायच्या तयारीत. दर थोड्या वेळानं ती रिफ्रेश करते. प्रोग्रामला ते क्लिक दिसतात, म्हणून तो ही विश्रांती धरत नाही, आणि तो बरोबरच आहे. हात हलत नसला तरी स्नायू आवळलेलाच असतो. आता चाक फिरू लागलं की आमच्याकडची मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवते, तळवे वर करून. सुरुवातीला गिऱ्हाइकांना ते विचित्र वाटायचं. “ताई, हँग झालं का काय?” असं विचारायचे. “नाही काका, हात थांबलेत, मशीन चालू आहे,” असं ती सांगते. बायका लगेच समजतात. एक मावशी म्हणाल्या, “खुरपताना आम्ही पण कंबर सरळ कराया उभं राहतोच की.”

वीस सेकंदांत करायचं काय? फार काही नाही. हात खाली सोडायचे, खांदे उतरवायचे, बोटं हलकेच पसरायची, नजर रस्त्यापलीकडच्या उसापर्यंत जाऊ द्यायची. मनगट जोरानं मागे ओढायचं नाही, बोटं मोडायची नाहीत. आणि फोन उचलायचा नाही. फोनवर अंगठा चालू झाला की थांबा वाया गेला.

सलग काम करण्यामागं पैसा असतो, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलू नये. खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा केंद्राला अर्जामागे विमा कंपनीकडून चाळीस रुपये मिळत. जुलैअखेरची मुदत, दारात रांग, आणि प्रत्येक अर्जाला ठरलेले पैसे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले तेव्हाही तेच. अशा दिवसांत थांबणं म्हणजे कमाई सोडणं, असं प्रत्येकाला वाटतं. हे वाटणं खरं आहे का, याची तपासणी अमेरिकेत झाली आहे. तिथल्या आयकर खात्यात हंगामात विवरणपत्रं संगणकात भरणाऱ्या लोकांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दोन सुट्ट्यांखेरीज ज्या तासात सुट्टी नाही त्यात पाच मिनिटांची जादा विश्रांती दिली. दिवसाला वीस मिनिटं काम कमी झालं, हातांचा आणि डोळ्यांचा त्रास उतरला, आणि भरलेल्या नोंदी मात्र घटल्या नाहीत. आमच्या केंद्रात कोणी असा हिशेब मांडलेला नाही, पण संध्याकाळच्या अर्जांत होणाऱ्या चुका कमी झाल्यात, हे मी रोज दुरुस्त्या करणारी म्हणून सांगू शकते.

थकल्यावर थांबू, असं म्हणणारा माणूस उशिरा थांबतो. दुखणं जाणवतं तेव्हा ताण आधीच साठलेला असतो. आमच्या गावाला हे वेगळं शिकवायला नको. तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसरच्या मुक्कामाला जाते, त्या वाटेवर काटेवाडीचा विसावा असतो. परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, वारकरी झाडाखाली पाठ टेकतात. हा विसावा आधीच ठरलेला असतो. त्या दिवशी कोणाचे पाय दुखतात का, हे विचारून तो ठरत नाही. पंढरपूरपर्यंत चालायचं असेल तर विसावा वेळापत्रकात लागतो. आठ तास टायपिंग करायचं असेल तर तोही तसाच आधी ठरवून ठेवावा लागतो.

या प्रोग्रामची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला फक्त बटणं आणि माउस दिसतात. केंद्रात येण्याआधी हाताखालून गेलेल्या भाकरी, पिळलेलं धुणं, दोन गाईंची धार त्याच्या हिशेबात येत नाही. आमच्या भागात हातानं धार काढणाऱ्या बाईचं मनगट कीबोर्डला बसण्याआधीच अर्धा दिवस काम करून आलेलं असतं. तिची रोजची मर्यादा चार तासांच्या खूप आधी संपते. घरातल्या दुसऱ्या माणसानं सकाळची धार उचलली, तर ती मदत कुठल्याही प्रोग्रामपेक्षा मोठी ठरते. हे मी घरोघरच्या पुरुषांना उद्देशून लिहिते आहे.

सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो, किंवा इंग्रजीत चाळीस. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेसाठी बारामती, इंदापूरच्या वर्गांत मुलं-मुली हा वेग मिळवायला महिनोन्‌महिने घासतात. तिथे वेगाची शिकवण मिळते, चुकांची मोजणी होते, बोटांची जागा घोटून घेतली जाते. मनगट कसं ठेवायचं आणि कधी उचलायचं, याला तासिका नाही. वर्ग चालवणाऱ्या सरांना आणि बाईंना माझी विनंती आहे की, वर्गातल्या प्रत्येक संगणकावर असा एक प्रोग्राम बसवा. त्याला पैसे पडत नाहीत, बसवायला काही मिनिटं लागतात. केंद्रचालकांनी तासाला पाच मिनिटं कामाच्या वेळेतच धरावीत. आणि ज्या मुलींना रात्री बोटांच्या मुंग्यांनी जाग येते, त्यांनी हात झटकून पुन्हा झोपी जाऊ नये. लवकर डॉक्टरांना दाखवावं.